तिसऱ्या मजल्यावरचं रेकॉर्डिंग

६ जानेवारी २००२, रविवार. सकाळ.

नवीन वर्षाचा संकल्प आज लिहितोय, कारण आधीचे दिवस विचारात गेले. संकल्प एकच. या वर्षी गाणं रेकॉर्ड करायचं. स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं, स्वतः गायलेलं. कॉलेजपासून डोक्यात आहे. डोकंही आता थकलंय.

वेळ आहे. सध्या कंपनीत बेंचवर आहे. बेंचवर म्हणजे काम नसलेला, असं लोकांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेत मंदी आहे. प्रोजेक्ट येतील तेव्हा चांगली माणसं हाताशी असावीत म्हणून कंपनी काही जणांना राखून ठेवते. हे वासंतीला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लोणच्यासारखं?" बँकेत नोकरी करणाऱ्या बायकोला आयटी कळणं अवघड.

उद्यापासून पहाटे रियाज. दही, लोणचं, गार पाणी बंद.

७ जानेवारी, सोमवार

पहाटे उठलो नाही. थंडीत घसा खरखरीत असतो, अशा वेळी रियाज केला तर कायमचं नुकसान होतं असं कुठेतरी वाचलंय. रियाज उन्हाळ्यापासून.

हिंजवडीची बस वेळेवर होती. कंपनीत दिवसभर बसलो. बसून राहणं दमवणारं असतं, हे काम करणाऱ्यांना कळत नाही.

१३ जानेवारी, रविवार

नागोरावकडे गेलो. हॉस्टेलवरचा माझा रूम पार्टनर. यवतमाळकडचा. इंजिनिअर झाल्यापासून भोसरीतल्या एकाच कारखान्यात आहे. ढोलकी उत्तम. माझ्याइतका संगीताचा विचार केलेला नाही, पण हात चांगला.

गाण्याचा जन्म त्याच्यासमोरच झाला. थर्ड इयरला खडकवासल्याला गेलो होतो, परतीची शेवटची बस चुकली आणि धरणापासून हॉस्टेलपर्यंत चालत आलो. वाटेत मला सुचलं:

शेवटची बस गेली, आता थांबू या जरा
चालत गेलो दोघे तर रस्ता वाटेल बरा

नागोराव रिकाम्या डब्यावर ठेका धरून चालला होता. पुढची चार कडवी मी नंतर, हॉस्टेल सुटल्यावर लिहिली. ती जास्त चांगली आहेत. त्यात विश्वाचा उल्लेख आहे.

नागोराव म्हणाला, "करून टाकू अन्या. पण लवकर कर. आमच्या कंपनीचं काही खरं नाही. व्हीआरएसचे कागद फिरून राहिले." मी म्हटलं, स्वेच्छानिवृत्तीचे कागद फिरतातच, कलेत घाई चालत नाही. त्याची बायको मुक्ताई, म्हणजे मुक्तावहिनी, म्हणाल्या की हे आताशा जेवत नाहीत नीट. मी म्हटलं, मोठं काम हातात घेतलं की कलावंताचं असंच होतं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. पटलं असावं.

२० जानेवारी, रविवार

टीम पूर्ण.

शौनक. ऑफिसातला माझ्या हाताखालचा मुलगा. म्हणजे हाताखाली काही होतं तेव्हाचा. गिटार वाजवतो, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कुठून आणलं ते मी विचारलं नाही. त्यानं आपणहून विचारलं, "सर, तुम्ही गाणं करताय म्हणे. मी येऊ का?" म्हणजे बातमी पसरली आहे. कँटीनमध्ये रोज मीच सांगत होतो हे खरं, पण पसरली ना.

कादंबरी. शौनकची कॉलेजमधली मैत्रीण. शाळेत संगीत शिकवते. तिला मागचे 'आ आ' देणार आहे. आज भेटायला आली. माझं कौतुक करेल असं वाटलं होतं. म्हणाली, "काका, पाणी मिळेल?"

काका. मी एकोणचाळीसचा आहे.

स्टुडिओ घरीच करायचा. आप्पांची खोली ठरवली. मागच्या बाजूला आहे, तिसरा मजला, रस्त्याचा आवाज कमी. आप्पांचा पलंग हॉलमध्ये घेतला. आप्पा म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. म्हणाले, "गाणं संपेपर्यंत ना? मग माझा फोटोही हॉलमध्येच लावून ठेवा." वासंतीनं कपाट जरा जोरात लावलं.

२७ जानेवारी, रविवार

शौनक म्हणाला की खोलीत आवाज घुमतो, भिंतींना काहीतरी मऊ लावायला हवं. मोठ्या स्टुडिओत फोम असतो. घरगुती उपाय म्हणजे गाद्या आणि अंड्यांचे ट्रे. कागदाच्या लगद्याचे ते खळगेवाले ट्रे, आवाज शोषून घेतात.

मंडईजवळून ट्रेची मोठी चळत बांधून स्कूटरवर आणली. जिन्यात चार बिऱ्हाडांनी दारं उघडून बघितलं. मी सगळ्यांकडे बघून हसलो. कलावंतानं समाजाशी संबंध चांगले ठेवावेत.

३० जानेवारी, बुधवार

सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. सेक्रेटरी पोंक्षे यांच्या अक्षरात:

"कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र एका कुटुंबात चार माणसेही नसताना इतकी अंडी लागत असतील तर सदर सभासदाने डॉक्टरांना दाखवावे. व्यवसाय असल्यास परवानगी घ्यावी. टरफले ओल्या कचऱ्यात."

पोंक्षे यांना भेटून खुलासा केला की ट्रे रिकामे होते. ते म्हणाले, "रिकामेच असणार. भरलेले परवडतील असं आपल्याकडे पाहून वाटत नाही." माझ्या बेंचवर असण्याबद्दल यांना कोणी सांगितलं कळत नाही. वासंतीला विचारलं. म्हणाली, अहो, तुम्ही दुपारी तीनला स्कूटर पुसत असता.

३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

पहिलं रेकॉर्डिंग. दुपारची एक ते चार ही वेळ मी विचारपूर्वक निवडली. त्या वेळात सदाशिव पेठ झोपते. दुकानं बंद, फेरीवाले गप्प. अशी शांतता पैसे देऊन मिळत नाही.

मंडळाच्या ओळखीतून मायक्रोफोन आणला होता. गणपतीत 'हरवले आहेत, हरवले आहेत' सांगायला वापरतात तो. खोलीत चौघं, गाद्या, ट्रे, शौनकचा कॉम्प्युटर. खिडकी बंद. पंखाही बंद, कारण त्याची घरघर येते. थोड्याच वेळात नागोरावचा शर्ट पाठीला चिकटला. मी तोंड उघडलं आणि दारावर थाप.

पोंक्षे. बनियनवर. म्हणाले, एक ते चार ही वेळ झोपेची आहे. मी म्हटलं, म्हणूनच तर निवडली. त्यांनी बनियन खाली ओढलं. मग म्हणाले, "आपण इंजिनिअर ना?"

वेळ बदलली. चार ते सात.

१० फेब्रुवारी, रविवार

चार ते सातमध्ये सदाशिव पेठ जागी असते. शेजारी कुकर. वरती कोणीतरी मिक्सर घेतलाय, नवीन असावा, सारखा लावतात. खालच्या मजल्यावर श्यामसुंदर सरांचा टायपिंग क्लास. पूर्वी रविवारी बंद असे, आता परीक्षा आली म्हणून जादा बॅच. दहा-बारा मशीन एकदम. कॉम्प्युटर आले, टायपिंग संपलं असं वर्तमानपत्रात वाचतो, पण खाली कोणी वर्तमानपत्र वाचत नसावं.

नागोरावची ढोलकी नकळत टायपिंगच्या लयीत जायला लागली. त्याला टोकलं. म्हणाला, "तिकडं लय पक्की आहे बे."

एक मुखडा पूर्ण झाला. ऐकला. गाण्यात माझा आवाज वरच्या सुरावर किंचित फाटतो. शौनकनं हळूच विचारलं, "सर, पट्टी थोडी खाली घेऊ या का?" मी म्हटलं, वेदना वरच्याच पट्टीत आहे. कादंबरी म्हणाली, "हो काका, आहे."

जाणकार मुलगी आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार, पुण्यात लाइट बंद ठेवायचा वार, त्यामुळे दिवसभर लाइट नाही. सर्दी म्हणून रजा घेतली होती. वासंती बँकेतून आली, चपला काढल्या आणि आप्पांच्या पलंगाच्या कडेवर नुसती बसून राहिली. विचारलं काय झालं. म्हणाली, घरात बसायला एकच जागा राहिली आहे, ती बघतेय. मी म्हटलं, एवढं गाणं होऊ दे. तिनं डोळे मिटले. दमली असावी.

२४ फेब्रुवारी, रविवार

नागोराव आला नाही. त्याच्या कारखान्यात सह्या चालू आहेत. फोनवर म्हणाला, "आज अर्ध्या कारखान्यानं सह्या केल्या अन्या. बावीस वर्षं झालेले लोक रडून राहिले." मी म्हटलं, पुढच्या रविवारी ये, मन रमेल. तो म्हणाला, "बघतो." बिल त्याचं होतं, म्हणून फोन मीच ठेवला.

नागोरावशिवाय मी माझी कडवी रेकॉर्ड केली. दुसऱ्या कडव्यात विश्व येतं तिथे खाली भंगारवाला आला. तिसऱ्यात मीच खोकलो. चौथ्यात सूर लागला, पण शब्द दुसऱ्या कडव्याचे गायलो. प्रगती आहे.

५ मार्च, मंगळवार

कंपनीच्या एचआरमधल्या राजनंदिनी मॅडमनी बोलावलं. मला वाटलं, ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेला पाठवणार. त्यांनी विचारलं, सध्या काय करताय? मी गाण्याबद्दल सविस्तर सांगितलं. त्या ऐकत होत्या. मध्ये मध्ये लिहून घेत होत्या. इतकं मनापासून कोणी ऐकलं नव्हतं.

बसमध्ये झोप लागली. डेक्कनचा स्टॉप गेला, शेवटच्या स्टॉपला उतरून चालत आलो.

१७ मार्च, रविवार

नागोरावनं सही केली.

स्वतःच सांगितलं, ढोलकीच्या दोऱ्या ओढता ओढता. एप्रिलअखेर पुणं सोडणार. यवतमाळजवळ दारव्ह्याला सासऱ्यांची जागा आहे, तिथे मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान टाकणार. कादंबरी म्हणाली, "काका, म्हणजे तुम्ही परत नाही येणार?" त्यालाही ती काकाच म्हणते, हे माझ्या आज लक्षात आलं. बरं वाटलं. तो म्हणाला, "येईन ना पोरी. लग्नाबिग्नाला येईन."

मी म्हटलं, हा मूड आहे, जाईल. पुणं सोडून कोणी जातं का? आणि जायचंच असेल तर गाणं एप्रिलमध्ये पूर्ण करावं लागेल, हे तू आधी सांगायला हवं होतंस. तो म्हणाला, "जानेवारीत सांगितलं होतं बे."

आठवत नाही. त्या दिवशी मी चालीचा विचार करत होतो.

पुढच्या रविवारपासून शिस्त. वेळापत्रक करून भिंतीवर, म्हणजे ट्रेवर, लावलं.

२४ मार्च, रविवार

वेळापत्रक उष्णतेनं ट्रेवरून पडलं. ट्रेही पडले. एक शौनकच्या डोक्यावर, बाकीचे हळूहळू.

बंद खोलीत इतकं उकडतं की कादंबरी रुमाल ओला करून मानेवर ठेवते. नागोराव म्हणतो, यवतमाळच्या उन्हाळ्याची प्रॅक्टिस होऊन राहिली. तिघं हसले. मी हसलो नाही. कोणीतरी गंभीर असलं पाहिजे.

आप्पा मात्र सगळी रेकॉर्डिंग न कंटाळता ऐकतात. दाराबाहेर खुर्ची टाकून शांत बसलेले असतात. आज मुद्दाम विचारलं, आप्पा, कसं वाटतं? त्यांनी खिशातून कानाचं यंत्र काढलं, कानात घातलं आणि म्हणाले, "हं, बोल. संपलं का?"

७ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.

आज अति झालं.

टायपिंगची परीक्षा जवळ आली म्हणून श्यामसुंदर सरांनी दोन बॅच एकत्र बसवल्या होत्या. मी गायला लागलो की खाली टाइपरायटरच्या ओळ संपल्याच्या घंट्या. तीनदा थांबलो. चौथ्यांदा हेडफोन काढून ठेवले आणि सरळ खाली गेलो. आयुष्यात कधीतरी माणसानं आवाज चढवायला हवा.

चांगलाच चढवला. जिन्यातूनच सुरुवात केली. सर शांतपणे म्हणाले, "अनंतराव, ही मुलं कारकुनाच्या जागेसाठी बसली आहेत. आपण कशासाठी बसला आहात?" मी त्यांना कलेचं महत्त्व समजावलं. बराच वेळ. पोंक्षेही आले. त्यांनाही समजावलं. पोरी टायपिंग थांबवून बघत होत्या, म्हणजे तेवढ्यापुरतं का होईना, टायपिंग थांबलं. माझा मुद्दा सिद्ध झाला.

वर आलो तेव्हा तिघं अगदी गप्प बसले होते. कादंबरीच्या डोळ्यांत पाणी होतं. नागोराव ढोलकीवर हात नुसता ठेवून बसला होता. शौनक कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "काही नाही सर, लेव्हल चेक करत होतो." माझी काळजी वाटली असणार. मी त्यांना सांगितलं, घाबरू नका, मी सगळं निस्तरून आलोय.

त्यानंतर माझा आवाज बसला होता. आजचं रेकॉर्डिंग वाया.

१३ एप्रिल, शनिवार. पाडवा.

गुढी उभारली. वासंतीनं श्रीखंड केलं होतं. आवाजासाठी मी दह्याचं काही खाणार नव्हतो. दोनदा खाल्लं. सणाला नाही म्हणू नये.

वासंती म्हणाली, नागोरावभाऊजींना जेवायला बोलावू या, जाणार ना ते आता. मी म्हटलं, रविवारी रेकॉर्डिंगला येतोच आहे. ती म्हणाली, "रेकॉर्डिंगला येणं आणि जेवायला येणं यात फरक असतो अहो." असेल.

१४ एप्रिल, रविवार. नागोरावचं सामान बांधणं चालू. आला नाही.

२१ एप्रिल, रविवार. माझा घसा. श्रीखंड.

२८ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.

नागोराव आज गेला.

दुपारी चारला आला तो सामानाचा टेम्पो घेऊनच. टेम्पो खाली बोळात उभा. वर कपाट, पंखा, दोन गाद्या, शिवणयंत्र. मुक्तावहिनी हॉलमध्ये आप्पांपाशी बसल्या. ढोलकी शेवटी बांधायची म्हणून त्यानं हातातच ठेवली होती. म्हणाला, "अन्या, एक तास आहे. वाजवून टाकू."

एका तासात होण्यासारखं होतं. मी नीट आखणी केली होती.

पहिल्यांदा मी विश्वाच्या कडव्यात अडखळलो. दुसऱ्यांदा ढोलकी एका जागी पुढे गेली असं मला वाटलं म्हणून थांबवलं. शौनक म्हणाला, नाही गेली सर. तिसऱ्यांदा कुकर. चौथ्यांदा खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. पाचव्यांदा मीच थांबलो, काही कारण नव्हतं. उकाड्यानं होतं असं.

मग मी म्हटलं, आपण पहिल्यापासून घेऊ, पट्टी थोडी खाली घेऊ. शौनक आणि कादंबरीनं एकमेकांकडे बघितलं. टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

नागोराव उठला. ढोलकीला कापड गुंडाळलं. म्हणाला, "राहू दे अन्या. तू गा. मी तिकडून ऐकतो." हसत म्हणाला. मग जवळ येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं असावं किंवा मला. मी म्हटलं, तुझी तिसरी मात्रा अजून थोडी मागे पडते, तिकडे सराव ठेव. तो म्हणाला, "ठेवतो."

वासंतीनं वहिनींची ओटी भरली, वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या. आप्पा काठी टेकत जिन्याच्या तोंडापर्यंत गेले. सगळे खाली पोचवायला उतरले. शौनकनं ढोलकी घेतली होती. मी गेलो नाही. वायरी गुंडाळायच्या होत्या. वायरी लगेच गुंडाळल्या नाहीत तर खराब होतात.

गॅलरीतून बघितलं. टेम्पो बोळातून उलटा निघत होता, पोंक्षे हात दाखवून "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. नागोराव ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं वर बघितलं असतं तर मी हात केला असता. बघितलं नाही, कारण तो जिन्याच्या दाराकडे बघत होता, त्याला वाटलं असणार मी खाली येतोय.

वायरी अजून तशाच पडल्या आहेत.

६ मे, सोमवार

राजनंदिनी मॅडमनी पुन्हा बोलावलं. बेंच संपला. मला डॉक्युमेंटेशन विभागात घेतलं आहे. सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची पुस्तिका लिहायची. पगारात थोडा बदल आहे, वरच्या दिशेनं नाही. मी म्हटलं, म्हणजे कंपनीला माझ्या लेखणीची कल्पना आली. त्या म्हणाल्या, "ॲक्च्युअली, दुसरा ऑप्शन जाण्याचा होता." पर्याय असतानाही त्यांनी मला ठेवलं, हे महत्त्वाचं.

माझ्याबरोबरचे बरेच जण गेले. कँटीनमध्ये जागा मिळते आता.

आप्पांचा पलंग खोलीत परत नेला. ट्रे काढताना भिंतीचा रंगही निघाला. आप्पा पडल्या पडल्या भिंतीकडे बघत म्हणाले, नकाशा छान झालाय. रंगाचं दिवाळीत बघू म्हटलं.

१२ मे, रविवार. दुपार.

शौनक आणि कादंबरी आले होते. सीडी घेऊन. वर शौनकनं प्रिंट काढून चिकटवलं आहे: 'शेवटची बस. गीत, संगीत: अनंत मेहेंदळे. ढोलकी: नागोराव ठाकरे.' स्वर: कादंबरी.

मी विचारलं, हे कधी केलं? शौनक मान खाली घालून म्हणाला, सात एप्रिलला. तुम्ही खाली गेला होतात तेव्हा. कॉम्प्युटर चालूच होता. नागोरावकाका म्हणाले, चल पोरी, तो येईपर्यंत तू म्हणून बघ. तिनं म्हटलं. एकदाच. त्यांनी वाजवलं, मी गिटार धरली. थांबलोच नाही आम्ही. सांगणार होतो सर, पण तुम्ही वर आलात तेव्हा फार खुशीत होतात.

वासंतीनं सीडी लावली.

दोनच ओळी आहेत. ती त्याच परत परत म्हणते, दर वेळी थोड्या वेगळ्या. माझी चार कडवी नाहीत. तिला पाठ नव्हती म्हणे. पट्टी खालची. ढोलकी तर अगदी हळू, चालल्यासारखी. त्या रात्री डब्यावर होती तशीच. खडकवासल्याहून येताना आम्ही मध्येच एका पुलावर बसलो होतो, पाय दुखत होते आणि दोघांनाही घरी जायची घाई नव्हती, ते आठवलं. हे कडव्यात घ्यायला हवं होतं. सुचलं नाही.

आप्पांच्या कानात यंत्र होतं. वासंती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. संपल्यावर म्हणाली, "परत लावा."

परत लावल्यावर मला ऐकू आलं. गाण्याच्या मध्यावर, ढोलकी थोडी थांबते तिथे, लांबून, खालून, एक माणूस ओरडतो. शब्द नीट कळत नाहीत. 'शांतता' कळतं, 'लाज' कळतं, 'कला' दोनदा कळतं. शौनक म्हणाला, खूप प्रयत्न केला सर, तेवढं काढता येत नाही, काढलं तर तिचा आवाज जातो.

श्यामसुंदर सरांच्या क्लासचा एक खटकासुद्धा नाही. थांबलेला होता.

मी म्हटलं, मिक्सिंगमध्ये अजून सुधारणा करता येईल. कादंबरी म्हणाली, "काका, चाल खूप सुंदर आहे." मी पाणी प्यायला आत गेलो. थोडा वेळ लागला.

एक कॉपी नागोरावला कुरिअर केली.

२६ मे, रविवार

आज दारव्ह्याला फोन लावला. नवीन संकल्प असा आहे की मित्रांना नियमित फोन करायचे. सुरुवात एकाच मित्रानं होतेय, कारण सध्या तेवढेच आहेत.

मुक्तावहिनींनी उचलला. नागोराव एका मळ्यात मोटर बसवायला गेला आहे. दुकान सुरू झालंय, उन्हाळ्यात मोटरी जळतात म्हणून काम बरं आहे. जेवतात का आता? जेवतात म्हणाल्या. पुण्यापेक्षा दोन पोळ्या जास्त.

मग म्हणाल्या, "तुमचं गाणं रोज लावतात भाऊजी. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाले बसवून ऐकवतात. माझ्या दोस्तानं बनवलं म्हणतात."

मी म्हटलं, हं.

त्या म्हणाल्या, "पण मधात तो कोण माणूस ओरडते हो? सारे जण विचारतात."

मी म्हटलं, आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. जरा तापट आहेत.

वहिनी म्हणाल्या, "हां. हे पण सगळ्याईले असंच सांगतात."